तिसावा गुडघा

तीर्थरूप मावशी,

तुला वाकून नमस्कार. (किती अंशांत वाकून ते विचारू नकोस. हल्ली कोणी साधं खुर्चीतून उठलं तरी माझी नजर आधी त्याच्या गुडघ्यावर जाते.) पत्राच्या सुरुवातीला प्रकृतीची चौकशी करायची रीत आहे, पण ती सोय मी माझ्याच हातानं घालवून बसले आहे. कारण मी विचारलं की तू उत्तर देणार, तू उत्तर दिलंस की ते मला तारीख-वेळ घालून नोंदवावं लागणार, आणि नोंदवलं की माझ्या दोन गाईडपैकी एक विचारणार किती जणांना विचारलंस, आणि दुसऱ्या विचारणार कुठल्या आवाजात विचारलंस. तेव्हा तू बरी आहेस असं धरून चालते. खरं तर तू नक्की किती बरी आहेस हाच या पत्राचा विषय आहे, पण तिथपर्यंत यायला मला वेळ लागेल. सांभाळून घे.

हे पत्र मी हॉस्पिटलच्या व्यायामाच्या हॉलमध्ये बसून लिहितेय. बसून म्हणजे काय, दोन ओळी झाल्या की उठते. समोर एक काका पाय सुटावेत म्हणून जागच्या जागी सायकल मारताहेत, त्यांना दर पाच मिनिटांनी 'सावकाश' म्हणावं लागतं, नाहीतर ते कुठेतरी पोचायचं असल्यासारखे सुटतात. पण दोष त्यांचा नाही, मलाच गेले दहा दिवस एका जागी बसवत नाही. शुक्रवारी प्रबंधाचं तिसरं प्रकरण द्यायचंय आणि आज मंगळवार उजाडला. प्रकरणाचं नाव टाइप करून झालंय, ठळक अक्षरांत, पानाच्या मधोमध. त्याखाली पान कोरं आहे. आणि ते कोरं का आहे, तर तुझ्यामुळे. आता लगेच तोंड फुगवू नकोस, पुढे ऐक.

माझं संशोधन कशावर आहे ते तुला ठाऊक असायला हवं, कारण संमतीच्या कागदावर तू सही केली आहेस. (सही करताना तुझं लक्ष टीव्हीवर होतं, तेव्हा पुन्हा सांगते.) गुडघा बदलून सहा महिने झालेले तीस पेशंट मी घेतले. प्रत्येकाचा गुडघा दोन पट्ट्यांच्या त्या प्लास्टिकच्या मापानं मोजला, किती अंश वाकतो ते. मग प्रत्येकाशी तासभर बोलले, की बाबा रे, तुझं कसं चाललंय. एक आकडा आणि एक गप्पा. पहिल्या प्रकरणात आकडे, दुसऱ्यात गप्पा, आणि तिसऱ्यात दोन्ही एकत्र. ऐकायला किती सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. दोन भांडखोर जावांना एका ओट्याशी उभं करायचं आणि वर स्वयंपाकही चांगला व्हायला हवा, असा तो प्रकार आहे हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

जावा म्हटलं ते उगीच नाही. माझे दोन गाईड एकाच खोलीत बसतात आणि खोलीच्या मधोमध लोखंडी कपाट आडवं घातलेलं आहे. कपाटाच्या अलीकडे दशांशसर. हे नाव आम्ही ठेवलंय, कारण ते चहात साखरही 'एक पूर्णांक पाच दशांश चमचे' सांगतात. पलीकडे हंबाई. त्या दोन उशा पाठीशी घेऊन बसतात, समोरचा बोलायचा थांबला की 'हं' म्हणतात आणि पुढे नुसत्या बघत राहतात. (तू एकदा त्यांच्यासमोर बस. तिसऱ्या 'हं'ला तू लग्नाआधीच्या गोष्टी सांगायला लागशील.) चार वर्षांपूर्वी दोघांचं वाजलं. भांडण कशावरून, तर अभ्यासाला माणसं किती पुरतात. सर म्हणाले तीनशे, बाई म्हणाल्या एकसुद्धा पुरतं, नीट ऐकलंत तर. तेव्हापासून ते एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत, जे काय असेल ते माझ्यामार्फत. म्हणजे ऐकू दोघांनाही सगळं येतं, कपाट काही छतापर्यंत नाही, पण सर म्हणणार त्यांना सांग, मी कपाटाला वळसा घालून सांगणार, बाई म्हणणार त्यांना सांग, मी परत वळसा. एका दुपारी मी माझी पावलं मोजली तर चारशेच्या वर भरली. आणि अशात वरून फतवा आला, की यापुढे आपल्या विभागात प्रत्येक प्रबंधात मोजणं आणि ऐकणं दोन्ही पाहिजे, मिश्र पद्धत. सरांच्या मते मिश्र म्हणजे त्यांचे तक्ते आणि मागे बाईंच्या गप्पांची परिशिष्टं. बाईंच्या मते मिश्र म्हणजे त्यांच्या गप्पा आणि खाली सरांच्या आकड्यांच्या तळटीपा. मधल्या मध्ये भरडली कोण जातेय ते तू ओळखलं असशील.

आता तू यात कशी आलीस. एकोणतीस जण झाले आणि तिसावी बाई ऐनवेळी लेकीकडे परगावी निघून गेली. तुझ्या ऑपरेशनला तेव्हा नेमके सहा महिने होत होते. मी म्हटलं घरचाच गुडघा आहे, घ्या. (नात्यातलं माणूस घ्यावं का, असं मी रीतसर विचारलं होतं हं. सर म्हणाले गुडघ्याला नातं नसतं. बाई म्हणाल्या नातं हीसुद्धा माहितीच. दोघांचं उत्तर 'घे' असं आलं, हे चार वर्षांत पहिल्यांदा.) आणि खरं सांगायचं तर माझा त्यात स्वार्थ होता. आई तुझ्याकडे आली ती महिनाभरासाठी. जाताना मला म्हणाली, तिचा गुडघा चालता झाला की मी आलेच. त्याला सात महिने झाले. तेव्हा तुझा गुडघा किती चालता झालाय, हे प्रबंधापेक्षा मलाच जास्त जाणून घ्यायचं होतं.

तर मोजला. मावशी, एकशे अठरा अंश! तिसांत पहिला नंबर. मी तीनदा मोजला, पट्टी बदलून मोजला. मग तुझ्याशी बोलायला बसले तर तू सुरू झालीस, की कसलं काय, दोन पायऱ्या म्हणजे डोंगर, रात्र रात्र डोळा नाही, उठले तर बसता येत नाही आणि बसले तर उठता येत नाही. आणि आई शेजारी बसून डोळ्याला पदर लावत होती. मी घरी येऊन आलेखावर तुझा ठिपका काढला. आडव्या रेघेवर कोन, उभ्या रेघेवर कुरकुर. शहाण्यासारखं असतं तर जितका गुडघा जास्त वाकेल तितकी कुरकुर कमी, ठिपके कसे उतरत्या जिन्यासारखे यायला हवेत. तुझा ठिपका वर उजव्या कोपऱ्यात, माळ्यावर जाऊन बसल्यासारखा. आणि बरोब्बर उलट्या कोपऱ्यात, खाली डावीकडे, अकरा नंबरचा पेशंट, एक शिंपी. त्याचा गुडघा जेमतेम चौऱ्याहत्तर अंश, म्हणजे धड खुर्चीतून उठता येऊ नये असा, आणि उत्तर काय, तर 'फर्स्ट क्लास'. तुम्हा दोघांच्या मागे आणखी सात-आठ ठिपके असेच भरकटलेले. सरांनी बघितलं आणि म्हणाले, तीस आणि अकरा काढून टाक, हे आजारी आकडे आहेत. कपाटापलीकडून बाई म्हणाल्या, त्यांना सांग, तीस आणि अकरा ठेव, बाकीचे काढलेस तरी चालतील.

(थांब, सायकलवाले काका उतरून बसायला खुर्ची शोधताहेत. देऊन आले.)

हां. तर मग बाईंनी तुझ्या मुलाखतीचं टाइप केलेलं बाड मागितलं. वाचलं, आणि हं म्हणाल्या. मला म्हणाल्या, यात बोलतंय कोण ते बघ. सरांनी अर्थातच ते मोजायला लावलं. मावशी, एकसष्ट उत्तरं. त्यांतली अडतीस आईची! 'रात्री झोप लागते का?' यावर तू 'तशी...' एवढंच म्हणाली आहेस, आणि पुढची सव्वा पानं आई. माझ्या धंद्यात ही पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट आहे, की मुलाखतीला पेशंट एकटा हवा. इतर एकोणतीस जणांच्या वेळी सोबत घरचं कोणी असलं तर त्याला मी गोड बोलून बाहेर बसवलं होतं. आणि स्वतःच्या आईला 'जरा बाहेर बस' म्हणायची माझी छाती झाली नाही. तुझी झाली असती का? तुझीही नाही, सांगते मी तुला.

म्हणून परवा रविवारी मी न सांगता आले. आई चार वाजता फिरायला जाते, तेवढ्यात तुला एकटीला गाठावं असा बेत होता. मावशी, दार लोटलेलं होतं आणि मला फटीतून दिसलं. तू स्टुलावर उभी होतीस. टाचा उचलून माळ्यावरून काहीतरी ओढत होतीस, आई स्टूल धरून 'डावीकडे, अगं डावीकडे, आंधळी आहेस का' म्हणून ओरडत होती, आणि मग वरून पत्त्यांचा डबा पडला, पत्ते सगळीकडे झाले, आणि तुम्ही दोघी हसायला लागलात. तू स्टुलावरून टुणकन खाली उतरलीस. टुणकन हा शब्द मला प्रबंधात वापरता येणार नाही, पण दुसरा शब्द नाही. मी पाऊल न वाजवता अर्धा जिना खाली उतरले, मोठ्यानं खोकले, चपला आपटत वर आले आणि बेल मारली. आत जी धावपळ झाली ती मी बाहेरून ऐकली. दार उघडलं तर तू सोफ्यावर, पाय दोन उशांवर, गुडघ्यावर शेकायची पिशवी. (मी हात लावून बघितला. पिशवीत पाणीच नव्हतं.) एक बदामचा एक्का सोफ्याखालून डोकावत होता. आई म्हणाली, बघ बाई, हिला अशी टाकून मी कशी येऊ?

मला राग आला. मग वाईट वाटलं. मग बसमध्ये पुन्हा राग आला आणि मी दोन थांबे आधीच उतरून चालत सुटले. तुमच्या खोटेपणाचा राग नव्हता गं तो. आईला मी इतकं हसताना बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं, आणि ते हसणं माझ्या घरात नव्हतं, याचा होता. त्या दिवशी मी घरात भांडी दोनदा घासली.

सोमवारी सकाळी सगळ्या तीस मुलाखती पुन्हा काढल्या, कारण नुसतं बसवेना. मी पेशंटकडून भरून घेतलेल्या फॉर्मात वय आहे, वजन आहे, डावा-उजवा पाय आहे, साखर आहे, रक्तदाब आहे. घरी कोण आहे, हा रकाना नाही. तो कोणाला सुचलाच नाही. पण बोलण्यात बघावं तर पानोपानी तेच. एकीची लेक मुक्कामाला आलेली. एकाचा मुलगा, जो फोन उचलत नव्हता, तो रोज संध्याकाळी चक्कर मारतो. मी नवा रकाना आखला आणि ठिपक्यांना दोन रंग दिले. ज्यांच्या घरी गुडघ्यापायी कोणीतरी आलंय ते सगळे वर, त्यांचा गुडघा कितीही वाको, दुखणं काही संपत नाही. जे एकटे आहेत ते सगळे खाली. कितीही आखडलेला असो, 'ठणठणीत', 'झकास', 'काही तक्रार नाही'. भरकटलेला एकही ठिपका उरला नाही. मी उठून तीन वेळा पाणी प्यायले.

आणि मग अकरा नंबर काढला. त्या शिंप्याला मी विचारलं होतं, दुखत असेल तर घरात सांगता का कोणाला. तो हसून म्हणाला होता, 'कोणाला सांगू, मशीनला?' बेचाळिसाव्या मिनिटाला. मावशी, गप्पांच्या प्रत्येक वाक्याला आम्ही विषयाची रंगीत चिठ्ठी लावतो. मी त्या वाक्याला पिवळी चिठ्ठी लावली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'विनोद'. माझी मलाच इतकी लाज वाटली म्हणून सांगू! दहा वर्षं गुडघे वाकवतेय मी लोकांचे. त्याला फोन करून बोलावलं, दुपारी आला. कसं आहे विचारलं तर फर्स्ट क्लास. मी हं सुद्धा म्हटलं नाही, नुसती बसले, आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. तो म्हणाला, दुखतं हो ताई. फार दुखतं. जिना मी बसून उतरतो. एवढं म्हणून त्यानं खिशातला टेप काढला आणि उगाच गुंडाळत बसला. कालपासून त्याचे उपचार पुन्हा सुरू केलेत. काढून टाकायला सांगितलेला आकडा होता तो.

तो रंगीत आलेख मी दशांशसरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी एकेक ठिपका बोटानं मोजला. मग उठले, आणि मावशी, स्वतःच्या पायांनी कपाटाला वळसा घालून पलीकडे गेले. चार वर्षांत पहिल्यांदा! म्हणाले, ते मशीनचं वाक्य कितव्या मिनिटाला आहे? बाईंनी एक उशी काढून त्यांना बसायला दिली. पाऊण तास दोघं एकमेकांशी बोलत होते, मी दारात उभी, मला विचारतंय कोण. बाई म्हणाल्या, तुमच्या ठिपक्यांशिवाय मला हे दिसलं नसतं. सर म्हणाले, तुमच्या गप्पांशिवाय मला रकानाच सुचला नसता. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात सर म्हणाले, मात्र आता पक्कं करायला तीनशे माणसं घ्यायला हवीत, आणि बाई म्हणाल्या, छे, त्या एका शिंप्याशीच पुन्हा बसायला हवं, आणि सरांनी उशी परत केली. आज सकाळपासून पुन्हा 'त्यांना सांग' सुरू आहे.

तर आता मूळ काम. तिसऱ्या प्रकरणात तुझ्याबद्दल लिहायचं तर असं लिहावं लागेल: पेशंट तीस, वय अडुसष्ट, उजवा गुडघा, एकशे अठरा अंश, घरी धाकटी बहीण मुक्कामाला, तक्रारी भरपूर. नाव नसलं तरी आपल्या कुटुंबात हे वाचून कोणाला काय कळायचं राहील? आईला तर कळेलच. ती माझा प्रबंध पहिल्या पानापासून वाचणार आहे असं तिनं जाहीर केलंय. तिला कळलं की तुझा गुडघा कधीच चालता झालाय हे कागदोपत्री नोंदलं गेलंय, की तिला तिथे राहायला कारण उरणार नाही. (तिला हे आधीच माहीत आहे, स्टूल तीच धरून होती. पण माहीत असणं वेगळं आणि छापून येणं वेगळं.) म्हणून तुझी परवानगी हवी. सोबतच्या कागदावर दोन चौकोन आहेत: एक, लिहायला हरकत नाही, दुसरा, मला या अभ्यासातून वगळा. तुला हवं तिथे खूण कर, पण गुरुवारपर्यंत पोचव. तू आजवर मला जे सांगितलंस त्याला मी खोटं म्हणत नाही, हेही लिहून ठेवते. तुझ्या गुडघ्याचं माप खरं आहे, आणि तुझं 'दुखतंय'सुद्धा खरं आहे. ते गुडघ्याबद्दल नव्हतं, एवढंच मला कळायला सात महिने लागले.

काका पुन्हा सुसाट सुटलेत. थांबते. लहानांना आशीर्वाद लिहायचा असतो, पण तुमच्या घरात सध्या तुम्ही दोघीच लहान आहात.

तुझी भाची
(आणि नाइलाजानं संशोधक)

ता. क. त्या स्टुलाचा मागचा पाय हलतो. माळ्यावर चढायचंच असेल तर स्वयंपाकघरातलं घे.

ता. क. दुसरा. कागदावर सही केली नाहीस तरी चालेल. आकड्यांची मी बाईंना आणि गप्पांची सरांना विचारून खात्री केली, मुद्दाम उलट. तुझ्याशिवायही तिसरं प्रकरण उभं राहतं, शिंपी पुरतो. दुसऱ्या चौकोनात खूण कर आणि निवांत दुखू दे. म्हणजे हे सगळं पत्र मी ज्या कामासाठी लिहिलं ते काम नव्हतंच, हे आत्ता पुन्हा वाचताना माझ्या लक्षात येतंय.

ता. क. तिसरा. आई, मावशीचा चष्मा वेळेवर कधी सापडत नाही आणि तुला मोठ्यानं वाचायला आवडतं, तेव्हा हे तूच वाचते आहेस. इथून पुढचं मनात वाच. तू रोज फोनवर विचारतेस आणि मी रोज सांगते, माझं एकदम मस्त चाललंय, तू काळजी करू नकोस. तू तिथे हवी तेवढी राहा, मी ये म्हणत नाही. फक्त उद्या फोन केलास आणि मी मस्त म्हणाले, की लगेच ठेवू नकोस. पुन्हा एकदा विचार.